वानगी

माझा पगार दर महिन्याला मुकाट्याने बँकेत जाऊन बसतो. तो किती असावा हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला सांगायला गेलो नाही. वेतन आयोग आले, त्यांनी आकडे ठरवले, मी सही केली. कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला एकोणीस वर्षे झाली. ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळ्यांना मी मुलांपुढे उभे केले, पण "सर, तुमच्या एका तासाचे किती?" असा प्रश्न मला आजवर कोणी केला नव्हता. केला असता तर मी रागावलो असतो. विद्येचा का कुठे भाव करायचा असतो? ज्याची विद्या केवळ पोट भरण्यासाठी, तो विद्येचा व्यापारी, असे कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त एकाच्या तोंडी घातले आहे. हे मी संधी मिळेल तिथे, आवाज चढवून सांगत आलो आहे. पगार जमा झाल्याच्या दिवशीसुद्धा!

पण हा भाव करण्याचा प्रसंग अखेर माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर येऊन ठेपला.

त्याचे असे झाले. आमची ही एका खासगी कंपनीत माणसे निवडण्याच्या खात्यात होती. सतरा वर्षे तिने टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून हजारो मुलाखती घेतल्या. २०२४ च्या डिसेंबरात कंपनीने इथला कारभार आवरला आणि हिची खुर्ची गेली. महिनाभर घरात शांतता होती. मग एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षे मी मुलांना नापास करत आले. पुष्कळांना येत सगळे असायचे, फक्त सांगता यायचे नाही. आता त्यांना सांगायला शिकवावे म्हणते."

मुलाखतीची तयारी करून घेणारा वर्ग! कल्पना मला आवडली. मागच्या खोलीतला माझा पुस्तकांचा पसारा आवरला गेला, तिथे दोन खुर्च्या आणि एक टेबल आले. जाहिरातीचा मजकूर अर्थातच मी लिहिला. आठ भेटींचा पूर्ण अभ्यासक्रम, शुल्क १०,००० रुपये. हा आकडा कुठून आला ते विचारू नका. तो वाटोळा दिसत होता म्हणून घातला. आणि खाली, माझ्या हातच्या ठळक अक्षरांत: ‘पहिली भेट विनामूल्य’.

फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. मार्चपासून मेअखेरपर्यंत माणसे आली. मी तर प्रचाराचा धडाकाच लावला. कॉलेजातल्या शिपायाचा मुलगा, ग्रंथपालांची भाची, वरच्या मजल्यावरच्या काकांचा नातू, माझ्या विभागातल्या स्नेह्यांचा पुतण्या, दिसेल त्याला मी म्हणत असे, "जाऊन या हो, घरचेच आहे!" संध्याकाळी मी घरी यावे, मागच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यावा, चहाचे कप सिंकमध्ये पडलेले असावेत आणि मला वाटावे, वा, धंदा जोरात आहे!

जूनच्या पहिल्या रविवारी हिने एक वही माझ्यापुढे ठेवली. पानावर रेघा मारून नावे, तारखा आणि वेळा लिहिल्या होत्या. तीन महिन्यांत माणसे आली ३१. पुढच्या भेटींसाठी परत आली ४.

"बरे आहे की," मी म्हणालो. "हळूहळू वाढतील."

"या नावांपुढे खुणा आहेत त्या बघा," ती म्हणाली. "खूण केलेली माणसे तुम्ही पाठवलेली. ती १९. परत आलेल्या चौघांत त्यांतले एकही नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. ती शांतपणे बोलत होती, आणि आमच्या घरात तेच अधिक धोक्याचे असते. "एक तासाची भेट म्हणून सांगायचे आणि दीड तास जायचा. निम्म्यांनी बायोडाटासुद्धा आणला नव्हता. एकाने विचारले, ‘काकू, सरांनी सांगितले म्हणून आलो, नेमके काय करायचे असते इथे?’ आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील तुम्हाला भेटून म्हणायचे, सर, फार उपकार झाले. आभार तुमच्याकडे आणि घसा माझा बसलेला. तुमच्या कॉलेजात येऊन मी तुमचे चार तास असेच कोणाला वाटून टाकले असते तर चालले असते का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. माझ्या वेळेला वेळापत्रक होते, हजेरीपट होता, घंटा होती. हिच्या वेळेला काहीच नव्हते. ती घरात होती, म्हणून तिचा वेळ घरचा होता, आणि घरचा म्हणून माझाही होता. तो मी दोन्ही हातांनी वाटत सुटलो होतो. एकोणीस माणसांचे दीड-दीड तास म्हणजे साडेअठ्ठावीस तास. बायकोच्या खिशातून मी कर्णाचा अवतार झालो होतो.

अडचणीत सापडलेला मराठीचा प्राध्यापक काय करतो? तो एखादी गोष्ट सांगतो. मी कौत्साची सांगितली. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पुरी झाल्यावर गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून विचारतो. गुरू म्हणतात, तुझी सेवा हीच दक्षिणा. शिष्य हट्ट धरतो. तेव्हा गुरू रागावून म्हणतात, चौदा विद्या शिकवल्या, चौदा कोटी आण! बिचारा कौत्स रघुराजाच्या दारात जातो, तर राजाने यज्ञात सर्वस्व दान केलेले, हातात मातीचे भांडे. मग कुबेरावर स्वारीची तयारी आणि सोन्याचा वर्षाव. दसऱ्याला आपट्याची पाने वाटताना आपण जिची आठवण काढतो, तीच ही कथा.

माझा हेतू विद्येचे मोल होत नाही हे सांगण्याचा होता. हिने निराळेच ऐकले.

"म्हणजे आधी काही नको, आणि मग एकदम चौदा कोटी," ती म्हणाली. "ही तर आपलीच जाहिरात झाली! पहिली भेट फुकट आणि दुसरीला दहा हजार. मध्ये पायरीच नाही. माणूस उडी मारणार कशी?" आणि क्षणभर थांबून, "त्या एकलव्याचेही तेच. दक्षिणा काय ते आधी ठरले असते तर त्याचा अंगठा वाचला असता. द्रोणाचार्यांनी तर शिकवलेही काही नव्हते!"

मी महाभारत अनेकदा वाचले आहे; या बाजूने वाचले नव्हते. जो भाव आधी सांगत नाही, तो उदार असतो असे नाही. पुष्कळदा तो शेवटी अंगठा मागतो. पैशांचा नाही तर उपकाराचा मागतो.

त्या रविवारी आम्ही टेबलाशी बसलो ते दिवेलागणीपर्यंत. आमची कन्या वाणिज्य शाखेत शिकते, तिलाही बोलावले. तिने प्रथम सांगून टाकले, "आई, तुला सुरुवातीचे एक छोटे पॅकेज हवे." पॅकेज म्हटले की मला काश्मीरची सहल आठवते. मी म्हणालो, "आपल्याकडे याला शब्द आहे, वानगी." धान्याच्या बाजारात व्यापारी पोत्यातली मूठभर ज्वारी काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो, ती वानगी. मूठभर असते, पण त्याच पोत्यातली असते. शब्द हिला आवडला. या सबंध प्रकरणात माझ्याकडून झालेले हे पहिले उपयोगी काम.

पण मुठीत काय घ्यायचे? मी म्हणालो, थोडे थोडे सगळेच घे. ती म्हणाली, नाही, एकच गोष्ट घ्यायची, पण ती पुरी करायची. मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले की निम्मे उमेदवार तिथेच गारद होतात, हा तिचा सतरा वर्षांचा अनुभव. तेव्हा वानगीत तेवढे एकच उत्तर पक्के करायचे. पहिल्या भेटीत बायोडाटा तपासणे आणि ते उत्तर बांधणे. दुसऱ्या भेटीत पंधरा मिनिटांची खोटी मुलाखत, तिचे फोनवर चित्रण, आणि ते दोघांनी मिळून पाहणे. जाताना हातात दुरुस्त केलेला बायोडाटा आणि एक पानभर लेखी शेरे. माणूस पुढे आला नाही तरी त्याचे काहीतरी काम झालेले असावे. आणि काय मिळणार नाही तेही लिहायचे: रात्री-अपरात्री फोन नाही, ओळखीपाळखी नाही, नोकरीची हमी नाही.

या शेवटच्या शब्दांवर मी अडलो, कारण माझ्या जुन्या मजकुरात ‘यशाची खात्री’ असे एक झोकदार वाक्य होते. कन्येने सांगितले की, शिकवणी-वर्गांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि खात्रीची आश्वासने त्यांत बसत नाहीत. "आपला वर्ग एवढा मोठा नाही," मी म्हणालो. "म्हणून खोटे लहान होते का?" ही म्हणाली. वाक्य खोडले गेले.

मग आला भाव. हिने कोरे पान घेतले. घरात दरमहा ३०,००० रुपये यायला हवेत. वीज, इंटरनेट, जाहिरात, नव्या कॅमेऱ्याचा हप्ता मिळून ६,००० खर्च. एकूण ३६,०००. महिन्याचे चोवीस दिवस, रोज पाच तास, म्हणजे १२० तास काम. पण त्यांतले निम्मे फोन, हिशेब, पत्रे आणि ऐनवेळी न येणारी माणसे यांत जातात. पैसे मिळणारे तास उरले ६०. छत्तीस हजारांना साठाने भागले, तासाला ६००.

मला तो आकडा फार वाटला. आणि मग लक्षात आले, की मला फार वाटतो याचे कारण मी उरलेले साठ तास मोजतच नव्हतो. कॉलेजात मी वर्गात उभा राहतो तेवढाच वेळ काम करतो असे कोणी म्हटले, की आम्ही प्राध्यापक मंडळी खवळतो. तयारी, पेपर, बैठका यांची यादी वाचून दाखवतो. तीच यादी बायकोच्या बाबतीत मला सुचली नव्हती.

हिने आधी वानगीत तीन भेटी धरल्या होत्या. मागची तयारी मिळून पाच तास होत, ३,००० रुपये. "वानगीला तीन हजार? कोणी फिरकणार नाही," मी म्हणालो. "९९९ ठेव. आकडा कसा हलका दिसतो!"

"पाच तासांना ९९९ म्हणजे तासाला पुरते दोनशेही नाहीत," ती म्हणाली. "मग पुढे त्याच माणसाकडे सहाशे कोणत्या तोंडाने मागू? पहिला भाव जो सांगू, तोच त्याच्या मनात माझा भाव."

"मग ३,००० लिहून त्यावर काट मार आणि शेजारी १,५०० लिही. सगळे तसेच करतात."

"ज्या भावाने एकाही माणसाने घेतले नाही, तो भाव खोडायचा कसा?"

अखेर तिने जो मार्ग काढला तो मी आजही मनोमन वाखाणतो. वानगी स्वस्त हवी ना, मग तास कमी करायचे, तासाचा भाव कमी करायचा नाही. म्हणून तीनाच्या दोन भेटी झाल्या. पाऊण-पाऊण तासाच्या दोन भेटी, आणि मागची वाचनाची, शेरे लिहिण्याची तयारी दीड तास. एकूण तीन तास, १,८०० रुपये. पैसे आधी. पूर्ण अभ्यासक्रमाचे अठरा तास भरले, म्हणून त्याचे १०,८००. जो पुढे जाईल त्याच्या वानगीच्या दोन भेटी आठांतल्या पहिल्या दोन धरायच्या आणि उरलेले ९,००० घ्यायचे. आंबेवाला फोड कापून देतो, ती त्याच आंब्याची असते. पुढे आंबा घेतला तर फोडीचे दोनदा पैसे घेत नाही.

कन्येने आणखी एक युक्ती सुचवली. डॅन एरिअली या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने २००८ च्या आपल्या पुस्तकात ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाच्या वर्गणीचे उदाहरण दिले आहे. नुसती इंटरनेटवरची आवृत्ती ५९ डॉलर, नुसता छापील अंक १२५, आणि दोन्ही मिळूनही १२५. मधला पर्याय कोणी घेणार नाही हे उघड. पण तो असला की शंभरांतले ८४ विद्यार्थी महागडी जोडी घेत. तो काढून टाकला की ३२ च घेत. "तसा एक मधला पर्याय मांडायचा, आई. कोणी घ्यावा म्हणून नाही, शेजारचा स्वस्त वाटावा म्हणून."

मला हे फारच चतुर वाटले. हिने मात्र मान हलवली. "जो पाट कोणी बसू नये म्हणूनच मांडायचा, तो पंगतीत कशाला? येणारी मुले आधीच गोंधळलेली असतात. एकच वानगी, एकच भाव."

कन्येने हेही सांगितले की, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. वीस लाख! त्या आकड्याने आमचे घर दोन मिनिटे श्रीमंत झाले.

एक प्रश्न मात्र माझ्या मनात टोचत होता, आणि तो कंजुषीचा नव्हता. "आमच्या शिपायाच्या मुलाने १,८०० कुठून आणायचे?" मी विचारले. ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "महिन्याला दोन जागा मी बिनपैशाच्या ठेवते. पण फुकट द्यायचे तर पुरे द्यायचे. आठही भेटी. आणि त्या कोणाला द्यायच्या हे मी ठरवणार." शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते, आणि ते मला पोचले. फुकटची पहिली भेट हे दान नव्हते, तो गळाला लावलेला आमिषाचा तुकडा होता. दान निराळे, वानगी निराळी. मी दोन्हींची खिचडी केली होती आणि तिला औदार्य म्हणत होतो.

पंधरा दिवसांनी माझी परीक्षा झाली. माझ्या विभागातल्या त्याच स्नेह्यांचा फोन आला. "अहो, माझ्या दुसऱ्या पुतण्यालाही मुलाखतीचे बोलावणे आले आहे. उद्या पाठवू का वहिनींकडे?"

ही समोरच मोदकांसाठी नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही, पण खवणीचा आवाज थांबला. माझ्या जिभेवर ते शब्द तयारच होते: जरूर पाठवा, घरचेच आहे. एकोणीस वर्षांत मी हजारो मुलांपुढे न अडखळता बोललो आहे. त्या क्षणी मला एक आकडा उच्चारता येईना. घसा खाकरला आणि म्हणालो, "पाठवा की. दोन भेटी असतात. एक हजार आठशे रुपये, आधी."

पलीकडे शांतता. मग, "अहो, आपल्यातसुद्धा?"

"आपल्यातसुद्धा," मी म्हणालो. "गेल्या वेळचे चुकले ते माझे. तिचा वेळ मी परस्पर देऊन टाकला होता."

फोन लवकर संपला. पुढचा आठवडाभर स्टाफरूममध्ये स्नेही माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत, आणि मलाही चहा गोड लागला नाही. पण खवणी पुन्हा सुरू झाली होती, आणि त्या आवाजात काय होते ते लग्नाला वीस वर्षे झालेल्या माणसालाच कळेल.

पुतण्या मात्र आला. स्वतः कमावलेल्या पैशांतून पैसे भरून आला. येताना बायोडाट्याच्या दोन प्रती, कंपनीची माहिती आणि प्रश्नांचा कागद घेऊन आला. पावणेसहाची वेळ होती, पाच चाळीसला दारात उभा होता. "याच्या भावाने बायोडाटाही आणला नव्हता," ही मला रात्री म्हणाली. "घर एकच, संस्कार तेच. फरक एवढाच, की या वेळी मी काय देणार आणि त्याने काय आणायचे, हे दोघांनाही आधी माहीत होते."

जूनच्या अखेरीपासून यंदाच्या, २०२५ च्या दिवाळीपर्यंत बावीस जणांनी वानगी घेतली. नऊ जण पुढे गेले. तेरा गेले नाहीत. पण त्यांतल्या एका मुलीने नोकरी लागल्याचे कळवले आणि लिहिले, दोन भेटी पुरल्या. हिला त्या पत्राचा आनंद नऊ जणांच्या शुल्काहून कमी झाला नाही. बिनपैशाच्या जागांवर पाच जण शिकले. त्यांत आमच्या शिपायाचा मुलगा आहे. तो मी सुचवला नव्हता. हिने स्वतः बोलावला. महिन्याचे तीस हजार अजून जमत नाहीत. वहीत ते स्पष्ट लिहिलेले असते, आणि आता ती वही आम्ही दोघे वाचतो.

परवा फराळाच्या गडबडीत हिने नव्या पत्रकाचा मजकूर माझ्यापुढे टाकला. "जरा शुद्धलेखन बघून द्या." मी चष्मा लावला, चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक वाक्य सरळ केले, एक विशेषण काढले. पूर्वी मी विशेषणे घालत असे. कागद परत दिला, तेव्हा चकलीचा सोऱ्या दाबता दाबता तिने विचारले, "किती झाले?"

"छे, घरचेच आहे," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

ती माझ्याकडे बघत राहिली. सोऱ्या तसाच हातात.

"दोन चकल्या आणि एक कप चहा," मी म्हणालो. "पुढच्या वेळी आधी सांगेन."